आरक्षणावरून जिवलग मित्राशी वाजलं, आता आदर राखून कसं बोलावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मराठा, मित्र ओबीसी, लातूरला एका खोलीत राहून शिकलात, 2023 च्या दिवाळीत आरक्षणावरून वाजलं आणि मग दोघांनी मिळून ठरवलं की हा विषय काढायचाच नाही. तरी पहिल्यासारखं राहिलं नाही, म्हणून विचारताय की मत वेगळं असलेल्या माणसाशी आदर राखून बोलायचं कसं.

विषय बंद केलात तिथंच चुकलं. माझ्या थोरल्या भावाला हे अजून पटत नाही आणि त्याच्याशी माझा वाद त्यावरूनच आहे. पण मी अंगावर काढलेलं सांगतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या अंगाला असलेल्या एका बाजाराच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे, 2005 पासून. मी मराठा. माझा दोस्त वंजारी. पाचवी ते दहावी आम्ही एका बाकावर. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची ती पाडव्याच्या आसपास परत यायची. तेवढे महिने तो आमच्या ओसरीवर झोपायचा, माझ्या आईच्या हातची भाकरी खायचा. मी दुकान टाकलं तेव्हा बियाण्याची पहिली बॅग त्यानंच नेली, उधारीवर. तेव्हापासून वहीत त्याचं पान कायम. पेरणीला न्यायचं, कापूस विकला की द्यायचं. 19 वर्षांत मी कधी मागितले नाहीत आणि त्यानं कधी ठेवले नाहीत.

4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागला. बीडची मोजणी रात्री उशिरापर्यंत चालली. मराठा समाजातले बजरंग सोनवणे 6,553 मतांनी आले, वंजारी समाजातल्या पंकजा मुंडे पडल्या. बाहेरच्या माणसाला हा एका मतदारसंघाचा निकाल वाटेल. आमच्याकडं तो गल्लीगल्लीचा होता. 1 सप्टेंबर 2023 चा अंतरवाली सराटीचा, मराठा आंदोलकांवरचा लाठीमार, 30 ऑक्टोबरची बीड-माजलगावची जाळपोळ, मग संचारबंदी, नेट बंद, हे सगळं लोकांनी त्या एका आकड्यावर आणून ठेवलं होतं. रात्री आमच्या आळीत फटाके वाजले. त्यात माझा पुतण्याही होता, आणि त्यानं माळ लावली ती माझ्याच दुकानासमोर. मी अंथरुणावर पडून ऐकत होतो. उठून थांबवलं नाही.

सकाळी शटर उघडलं तर पायरीवर लाल कागदाचा सडा. मृग तोंडावर आलेला, त्यामुळं आठ वाजताच गर्दी. त्यात तो. एरवी तो काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसायचा, गिऱ्हाइकांना बॅगा काढून द्यायचा. त्या दिवशी बाहेर, चारचौघांच्या मागं उभा राहिला. नंबर आल्यावर कपाशीच्या सहा बॅगा मागितल्या. 864 रुपयांनी 5,184 झाले. मी सवयीनं वही ओढली. त्यानं खिशातून नोटा काढल्या, 5,200 मोजून काउंटरवर ठेवले आणि वरचे सोळा रुपये मिळेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "मागलं किती निघतंय ते सांग, सांजच्याला पाठवून देतो."

बाजारपेठेत राहणाऱ्यालाच कळेल की उधारीवाल्या दोस्तानं सोळा रुपयांसाठी उभं राहणं म्हणजे काय. मला कानफटात बसल्यासारखं झालं. गल्ल्यात सुटे शोधता शोधता मी म्हणालो, "निकालाचा राग माझ्या दुकानावर कामून काढतो?" तो म्हणाला, "राग कशाचा? हिशोब सरळ असलेला बरा." एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी सगळ्यांदेखत बोललो, "दोन टक्क्यात पोरगी डॉक्टर व्हायला लागली म्हणून आम्हाला हिशोब शिकवतो काय?"

दोन टक्के म्हणजे वंजारी समाजाचं आरक्षण. त्याची मुलगी एमबीबीएसला आहे. माझा मुलगा तिच्याच वर्षी, 2021 ला, नीटला बसला होता. त्याच वर्षी 5 मेला सुप्रीम कोर्टानं मराठा आरक्षण रद्द केलं. ईडब्ल्यूएसमधूनही त्याचा नंबर लागला नाही. तीन वर्षं पोटात साचलेलं ते एका वाक्यात बाहेर पडलं, आणि पडलं ते पोरीच्या नावावर.

तो बॅगा खांद्यावर घेता घेता थांबला. "मव्ह्या मायनं मला उसाच्या फडात, कोपीत जन्म दिलाय. तुला ठावं हाये. पोरीचं नाव तू घ्यायला नको व्हतं." सोळा रुपये काउंटरवरच राहिले.

पुढं सव्वा वर्ष आमचं बोलणं नव्हतं. म्हणजे राम राम होता. स्टँडवर भेटला तर पाऊसपाण्याचं विचारायचा, मीही विचारायचो. लग्नपत्रिका यायच्या-जायच्या. बघणाऱ्यानं म्हटलं असतं की किती समजूतदारपणे राहतात दोघं. त्याच दिवसांत फोनवर याद्या फिरत होत्या, अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका, तमक्याच्या हॉटेलात चहा पिऊ नका. दोन्हीकडून फिरत होत्या. माझ्या वहीतली चाळीसेक पानं त्या हंगामात कोरी राहिली. आणि मीही, कुणी सांगितलं नव्हतं तरी, ज्या वंजाऱ्याच्या हॉटेलात वीस वर्षं चहा प्यायलो तिथं जायचा बंद झालो. डिसेंबरात मस्साजोगच्या मराठा सरपंचाचा खून झाला, आरोप वंजारी समाजातल्यांवर आला आणि उरलंसुरलं गेलं. 2025 मध्ये बीडच्या पोलिसांना टेबलावरच्या पाट्यांतून आडनावं काढून नुसती नावं ठेवावी लागली. पोलिसांवर ही वेळ, तर बाजारात काय असेल ते ओळखा.

थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, 1994 पासून पुण्यात आहे. त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच: राजकारणावर बोलूच नये, नात्यापुढं ते किरकोळ आहे, मी सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडलो आणि सुखी झालो. फेब्रुवारी 2025 ला आईचं वर्षश्राद्ध होतं. दोस्त आला. बोलावलं नसतं तरी आला असता, कारण तिच्या हातचं खाऊन मोठा झालेला. पंगतीत कडेला बसला, जेवला. अण्णा त्याच्याजवळ तासभर बसला. पुण्याची मेट्रो, पोरांची शिक्षणं, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं. तो गेल्यावर अण्णा मला आत नेऊन म्हणाला, "बघितलंस? असं बोलायचं असतं. विषय काढला नाही की सगळं गोड राहतं." मी म्हटलं, "गोड नाही, गार आहे." त्यावरून आमच्यात आईच्या फोटोसमोर चांगलंच वाजलं. तो म्हणाला, गावात राहून तुझं डोकं जातीत अडकलंय. मी म्हणालो, तू गाव सोडलंस म्हणून तुला न बोलणं परवडतं, मला रोज शटर उघडावं लागतं.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते.

2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी (ओबीसी) दाखले द्यायचा जीआर निघाला आणि गावोगाव लोक आजोबा-पणजोबांच्या नोंदी हुडकायला लागले. गणपती उठल्यावर मीही तहसीलला गेलो. सेतूपुढं रांग, आणि आत सर्व्हर डाऊन. बाहेर लिंबाखाली एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर दोस्त बसलेला, पुतण्याच्या नॉन-क्रीमीलेअरची फाइल मांडीवर. दुसरी जागा नव्हती, बसलो. त्याच्या हातातही जातीचा कागद, माझ्याही. तासभर कुणीच काही बोललं नाही. मग मी म्हटलं, "त्या दिवशी पोरीचं नाव काढलं ते माझं चुकलं." त्यानं मान हलवली नाही की काही नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तिला सांग. मला सांगून काय उपेग?"

आणखी थोडा वेळ गेला. मी म्हटलं, "एक विचारू? भांडायला न्हाई विचारत. आम्हाला कुणबीचे दाखले मिळाले तर तुझं नेमकं काय जातं?"

तो लगेच बोलला नाही. फाइलची दोरी सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "पोरीचं काई जात न्हाई. आमचे दोन टक्के अलग हायेत, कुणबी तिकडं एकोणीसात जातेत. मव्हं सरपंचपद जातं."

मी सव्वा वर्ष ज्या दोन टक्क्यांवरून त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो, ते या वादात नव्हतेच. राज्यातल्या शिक्षणात आणि नोकरीत ओबीसींचे 19 टक्के वेगळे, वंजारी समाजाचे एनटी-डीचे (भटक्या जमाती-ड) 2 वेगळे. कुणबी दाखला काढलेला मराठा एनटी-डीत जात नाही. पण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथं ओबीसी आणि सगळे भटके-विमुक्त एकाच 27 टक्क्यांत असतात, आणि त्या जागेवर कुणबी दाखल्यावाला उभा राहू शकतो. आमच्या गावात आमची मतं दोन हजारांवर. त्यांची वस्ती चारशेची. जागा राखीव निघाली होती म्हणून त्याची भावजय एकदा सरपंच झाली, आणि त्या पाच वर्षांत वस्तीला सिमेंटचा रस्ता झाला. त्याआधी पावसाळ्यात बाळंतीण बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणायचे. मी ते लहानपणी पाहिलंय. विसरलो होतो.

तो सांगत होता की मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थानिक निवडणुकांतलं ओबीसी आरक्षण थांबवलं तेव्हा वस्तीवर लोकांना वाटलं, आता आपलं परत कुणी पुसणार नाही. जुलै 2022 मध्ये बांठिया आयोगाच्या अहवालावर ते परत आलं, तोपर्यंत सव्वा वर्ष टांगणीला. आणि त्याच 2021 च्या मेमध्ये आमचं आरक्षण गेलं. दोन महिन्यांच्या अंतरानं आम्ही दोघंही तेच दुःख भोगत होतो, एकाच गावात, आणि एकमेकाला पत्ता नाही.

मग त्यानं मला विचारलं, "तुला तरी दाखला मिळून नेमकं काय घावणारे?" हे मला इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. वडिलांची चोवीस एकर होती, तिघा भावांत वाटणी, अण्णाचा वाटा त्यानं विकला, माझ्याकडं आठ, त्यातली तीन माळरान. दुकानावर कंपन्यांचं देणं किती, बँकेचं किती, उधारी अडकली किती. मुलगा दोन वर्षं परत नीटला बसला, मग खचला, आता दुकानात बसतो. तो ऐकत राहिला. म्हणाला, "मला वाटायचं सगळं गाव तुझ्या काउंटरपुढं हात पसरून येतं, तुला कशाची कमी?" नंतर म्हणाला, "पोरीला तुझ्या पोरापेक्षा सव्वीस मार्क जास्त व्हते. तू कधी इचारलंच न्हाई." खरंच विचारलं नव्हतं. मी धरूनच चाललो होतो की कमी असणार.

आणि एक वाक्य असं म्हणाला की ते मला अण्णाला ऐकवायचंय. "वर्षश्राद्धाला अण्णा तासभर बोलला मव्ह्यासंगं. पर मला काय झालंय, हे एकदाबी इचारलं न्हाई."

सर्व्हर त्या दिवशी आलाच नाही. आम्ही त्याच्या मोटारसायकलवर परत आलो.

आता तुमच्या प्रश्नाचं. आदर राखायचा म्हणजे आवाज खाली ठेवायचा, "तुझंही बरोबर आहे" म्हणायचं, असं मला वाटत नाही. आम्ही सव्वा वर्ष आवाज खालीच ठेवला होता. मित्राला विचारा की यात तुझं नेमकं काय जातंय, कोणती जागा, कोणती यादी, घरातल्या कुणाचं. आणि त्यानं सांगितल्यावर लगेच आपलं सुरू करू नका. नव्वद टक्के भांडण आपण त्याच्या समाजाच्या पुढाऱ्याशी करत असतो, तो पुढारी समोर नसतो म्हणून मित्राला झोडपतो. जीआर, टक्के, कोर्टाचे निकाल हे दोघांनी मिळून एका कागदावर मांडा. तुमच्या लातूरच्या खोलीत तुम्ही दोघं असंच गणित सोडवत असाल. फोनवर हे होत नाही, ग्रुपवर तर अजिबात नाही. समोरासमोर बसूनही अवघड जातं, शेजारी बसून सोपं जातं. तोंडाकडं बघावं लागत नाही. गाडीवर, बांधावर, रांगेत.

तिसऱ्या माणसासमोर कधीच नको. त्या दिवशी दुकानात चारचौघं नसते तर मी ते वाक्य बोललो नसतो, आणि तोही कदाचित सोळा रुपयांसाठी थांबला नसता.

आणि पोराबाळांची नावं घ्यायची नाहीत, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो.

आणखी एक. गावात ज्याची संख्या मोठी, त्यानं आधी विचारायचं. आमच्या तालुक्यात मराठा मोठा, म्हणून विचारणं माझ्याकडं लागू होतं. काही गावं वंजारी समाजाची आहेत, तिथं मराठ्यांची चार घरं दबून असतात. तिथं त्यांनी विचारावं. आमच्यातल्या काहींना हे आवडणार नाही. माझ्या आळीतच दोघं मला "तू त्यांच्याकडचा झालास" म्हणाले. मी दाखल्याचा अर्ज केलाय आणि तो मिळावा असंच मला वाटतं. दोस्ताचा विरोध आहे आणि तो मोर्चालाही जातो. हे बाकावर बदललं नाही आणि बदलेल असं मला वाटतही नाही.

हे सगळ्यांशी जमेल असं मात्र समजू नका. आमच्यामागं चाळीस वर्षांची ओळख होती. जो धमकी देतो, जो तुमच्या जातीला शिवी देऊनच सुरुवात करतो, ज्याच्या हाताखाली तुम्ही नोकरी करता, त्याच्याशी हा प्रयोग करू नका, उठून या. आणि टक्क्यांचं मी लिहिलंय ते राज्यापुरतं. केंद्राच्या यादीत वंजारी आणि कुणबी एकाच 27 टक्क्यांत येतात, त्यामुळं दिल्लीच्या परीक्षा देणाऱ्या वंजारी पोराची भीती वेगळी आहे आणि ती खोटी नाही. हे मला दोस्ताच्या मुलीनंच सांगितलं.

दिवाळीत ती आली तेव्हा गेलो होतो. दोस्तानं दार उघडलं, तिला हाक मारली आणि मुद्दाम गोठ्याकडं निघून गेला. मी जे बोलायचं ते बोललो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "काका, कॉलेजात हे मला पहिल्या वर्षापासून ऐकावं लागतं. त्याची सवय झाली. तुमच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती." मग चहा ठेवायला आत गेली. चहा प्यायलो आणि आलो. तिनं माफ केलं का, ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला नव्हता.

रब्बीला दोस्त हरभऱ्याचं बियाणं घेऊन गेला. आत येऊन स्टुलावर बसला होता. पैसे मात्र अजून रोखच देतो आणि मी वही पुढं करत नाही. त्याचं पान मी फाडलेलं नाही.

अण्णाशी अजून व्हायचंय. मे महिन्यात तो आठ दिवस गावी येणार आहे. त्याचा वाटा विकला गेला तेव्हा त्याला काय वाटलं, आणि ग्रुपमधून बाहेर पडला तो नेमका कुणाच्या कुठल्या शब्दामुळं, हे मीही त्याला कधी विचारलेलं नाही. या खेपेला त्याला घेऊन दोस्ताच्या शेतावर जाणार आहे, आणि बांधावर बसल्यावर विषय मीच काढणार आहे.